झाड हवा आणि पाणी कसं देतं-घेतं? वेदर ॲपमधले आकडे झाडाच्या बाजूने वाचूया



मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण घर पारोळा तालुक्यातलं. घरी कोरडवाहू-बागायत अशी मिळून शेती आहे आणि मुख्य पीक अर्थातच कपाशी. आजचा लेख फोनबद्दल कमी आणि पानाबद्दल जास्त आहे. पण फोनमधल्या वेदर ॲपमध्ये तापमान आणि ह्युमिडिटीचे जे दोन आकडे तुम्ही रोज बघता, त्यांच्याशी त्याचा थेट संबंध आहे. हे दोन आकडे मी एकदा चुकीचे वाचले आणि त्याची किंमत घरच्यांनी मोजली. म्हणून आधी तो किस्सा.

माझ्या स्क्रिप्टने काय केलं

मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. इंटरनेटवरून आमच्या भागाचं तापमान आणि आर्द्रता दर तासाला घ्यायची, हवा किती कोरडी आहे ते काढायचं आणि आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकायचा: "कपाशीला ताण आहे, पाणी द्या." घरी सगळे खूश. मीही खूश.

श्रावणात पावसाने जवळपास तीन आठवडे दडी मारली. मग एका रात्री धो-धो पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच कडक ऊन पडलं. अकराच्या सुमारास स्क्रिप्टचा मेसेज आला. तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन: "दादा, खालच्या बाजूची झाडं माना टाकताहेत." त्याने फोटो पाठवले. पानं खरंच लोंबत होती. नाना, म्हणजे आमचे वडील, कामासाठी पारोळ्याला गेले होते. मी म्हटलं, "ठिबक सुरू कर, दोन तास चालू दे."

दुपारी नाना शेतात पोचले आणि त्यांनी आधी मोटर बंद केली. फोनवर मला एवढंच म्हणाले, "झाडले तहान नही, त्याना दम कोंडाई राहिना." म्हणजे झाडाला तहान लागलेली नाही, त्याचा श्वास कोंडतोय. मग दोघांनी चर खोदून साचलेलं पाणी बाहेर काढलं. काही झाडं सावरली. दीडशेच्या आसपास झाडं मात्र गेली, आणि जी वाचली त्यातल्या बऱ्याच झाडांनी पाते-फुलं आणि कैऱ्या गाळल्या.

काळ्या जमिनीतल्या कपाशीचं हे दुखणं कृषी विभागाच्या पत्रकांमध्ये 'आकस्मिक मर' या नावाने असतं. हा जंतूमुळे होणारा रोग नाही, झाडाच्या देवाणघेवाणीत झालेला बिघाड आहे. माझ्या स्क्रिप्टला त्या देवाणघेवाणीची एकच बाजू माहीत होती. ती पूर्ण गोष्ट आज समजून घेऊ.

पानाला एकच दार असतं

पानाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. प्रत्येक छिद्राच्या दोन्ही बाजूंना एकेक रक्षक पेशी असते. या पेशींमध्ये पोटॅशियमचे आयन आत आले की त्यांच्यामागे पाणी येतं, पेशी फुगून वाकतात आणि मधली फट उघडते. पाणी बाहेर गेलं की पेशी सैल पडतात आणि फट मिटते. कपाशीच्या पानाला दोन्ही बाजूंना रंध्रं असतात, पण खालच्या बाजूला जास्त.

झाडाला अन्न तयार करायला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो हवेतून याच फटीतून आत येतो, आणि त्याच वेळी त्याच फटीतून पानातली पाण्याची वाफ बाहेर निसटते. पाणी बाहेर जाण्याला बाष्पोत्सर्जन म्हणतात. कार्बन घ्यायचा पण पाणी सोडायचं नाही, अशी सोय झाडाकडे नाही. फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याची आणि माइकची परमिशन वेगवेगळी देता येते. इथे दोन्हींसाठी एकच बटण आहे: चालू किंवा बंद.

मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी साधारण ९७ टक्के पाणी असं वाफ होऊन निघून जातं. मग ते फुकट गेलं का? नाही. त्यातून झाडाची तीन कामं होतात.

१. वरून पाणी उडतं म्हणून खालून पाणी ओढलं जातं. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, त्यामुळे जलवाहिन्यांमधून मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याची सलग दोरी तयार होते. झाडात कुठेही पंप नसतो. ही कल्पना डिक्सन आणि जॉली या दोघांनी १८९४ साली मांडली.

२. पाण्याच्या या प्रवाहाबरोबर जमिनीतली विरघळलेली खतं वर येतात.

३. पान थंड राहतं. माठातलं पाणी गार होतं ना, अगदी तसंच. एक लिटर पाणी उडायला सुमारे २.४ मेगाज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत साधारण दोन-तृतीयांश युनिट. एवढी उष्णता पानावरून निघून जाते. पाणी कमी पडून रंध्रं बंद झाली की पान तापतं. नासाचं इकोस्ट्रेस हे उपकरण २०१८ पासून अंतराळ स्थानकावरून हीच गोष्ट टिपतंय: तापलेलं पीक म्हणजे ताणाखालचं पीक.

हे मोजायची सुरुवात फार जुनी आहे. स्टीफन हेल्स या इंग्रज माणसाने कुंडीतल्या सूर्यफुलाची माती शिशाच्या पत्र्याने झाकली आणि कुंडीचं रोज वजन केलं. जेवढं वजन घटलं, तेवढं पाणी पानांतून गेलं. त्याचं पुस्तक १७२७ मध्ये आलं. आमच्या पारोळ्याच्या किल्ल्याच्या बांधकामाचं सालही १७२७ च सांगतात. म्हणजे किल्ल्याचे दगड रचले जात होते तेव्हा तिकडे एक जण सूर्यफूल तराजूत तोलत होता.

ह्युमिडिटीचा टक्का फसवतो, व्हीपीडी नाही

पानाच्या आतल्या पोकळीतली हवा जवळपास १०० टक्के दमट असते. बाहेरची हवा तेवढी दमट नसते. या दोन्हींतला फरक पाण्याला बाहेर खेचतो. या फरकाला व्हीपीडी म्हणतात. मराठीत 'बाष्पदाबाची तूट' म्हणता येईल. तो किलोपास्कल या एककात मोजतात.

वेदर ॲपमधला ह्युमिडिटीचा टक्का हा फरक थेट सांगत नाही. कारण गरम हवेत जास्त वाफ मावते, साधारण दर अंशाला ७ टक्के जास्त. म्हणून २० अंशांवरचे ५० टक्के आणि ४० अंशांवरचे ५० टक्के ही झाडासाठी दोन वेगळी जगं आहेत.

व्हीपीडी तुम्ही फोनच्या कॅल्क्युलेटरवर काढू शकता. आधी हा तक्ता बघा. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त किती वाफ मावते ते इथे आहे:

- २० अंश सेल्सिअस: २.३४ किलोपास्कल
- २५ अंश: ३.१७
- ३० अंश: ४.२४
- ३५ अंश: ५.६२
- ४० अंश: ७.३८
- ४५ अंश: ९.५९

आता १०० मधून ह्युमिडिटीचा टक्का वजा करा, १०० ने भागा आणि तक्त्यातल्या आकड्याने गुणा. झालं.

खानदेशातले तीन नेहमीचे दिवस उदाहरणादाखल घेऊ:

- श्रावणातला ढगाळ दिवस: ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. ०.२० गुणिले ४.२४, म्हणजे ०.८५.
- ऑक्टोबर हीटची दुपार: ३५ अंश, आर्द्रता ४० टक्के. ०.६० गुणिले ५.६२, म्हणजे ३.३७.
- मे महिन्याची दुपार: ४२ अंश, आर्द्रता १५ टक्के. ४२ अंशांना कमाल वाफ ८.२० असते, म्हणून ०.८५ गुणिले ८.२०, म्हणजे जवळपास ७.

म्हणजे मे महिन्याची हवा पानातून पाणी श्रावणापेक्षा आठपट जोराने खेचते. केळीच्या बागेत भर दुपारी पानांचे दोन्ही पंख मधल्या शिरेजवळ घडी होऊन खाली झुकलेले दिसतात, ते झाडाचं यावरचं उत्तर आहे: उन्हासमोरचं क्षेत्रफळ कमी करायचं.

एक सूचना. ॲपमधला आकडा तुमच्या शेतातला नसतो. तो दूरच्या केंद्रावरून किंवा संगणकीय मॉडेलमधून आलेला असतो. २०१३ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस ४ मध्ये तापमान आणि आर्द्रतेचे सेन्सर होते, पण आजच्या बहुतेक फोनमध्ये ते नसतात. त्यामुळे ॲपचा आकडा अंदाज म्हणून घ्या.

एका कार्बनसाठी पाण्याचे किती कण?

आता हिशेब करू. हा भाग जरा सावकाश वाचा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

आजच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम आहे, म्हणजे हवेच्या दहा लाख कणांमागे ४२०. कपाशीसारख्या झाडाच्या पानात तो साधारण २९० असतो. म्हणजे कार्बनला आत ढकलणारा फरक फक्त १३० पीपीएमचा.

आणि पाण्याला बाहेर खेचणारा फरक? हवेचा एकूण दाब सुमारे १०० किलोपास्कल. म्हणून १ किलोपास्कल व्हीपीडी म्हणजे साधारण १०,००० पीपीएम. ऑक्टोबरच्या दुपारी तो ३३,७०० होतो. त्यात पाण्याचा कण हलका असल्याने कार्बन डायऑक्साइडपेक्षा १.६ पट लवकर पसरतो.

३३,७०० भागिले १३०, गुणिले १.६. उत्तर ४१५ च्या आसपास. म्हणजे कार्बनचा एक कण आत घेण्यासाठी पाण्याचे चारशेहून जास्त कण सोडायचे. श्रावणातल्या ढगाळ दिवशी हाच दर शंभरच्या आसपास असतो. मे महिन्याच्या दुपारी दार उघडं ठेवलं तर साडेआठशेच्या वर. हा ढोबळ हिशेब आहे. पानाचं तापमान हवेपेक्षा कमी-जास्त असू शकतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा हलेल. पण दिशा हीच.

दर एवढा वाढला की झाड दार ओढून घेतं. मुळं आणि पानं ॲब्सिसिक ॲसिड नावाचं संप्रेरक तयार करतात, ते रक्षक पेशींना 'मिटा' असा निरोप देतं. पाणी वाचतं, पण अन्न बनणं थांबतं. भर दुपारी रान हिरवंगार दिसत असलं तरी आतलं काम बऱ्याचदा मंदावलेलं असतं.

ज्वारी आणि घायपाताची युक्ती

सगळी झाडं या सौद्यात सारखी नसतात. त्यांचे तीन गट आहेत.

पहिला गट: कपाशी, गहू, हरभरा, तूर, केळी. यांचा हिशेब वर केला तसा. यांना सी-थ्री म्हणतात.

दुसरा गट: ज्वारी, बाजरी, मका, ऊस. यांच्या पानात कार्बन ओढून एका जागी साठवणारी वेगळी यंत्रणा असते. त्यामुळे पानाच्या पोकळीतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण बरंच खाली जातं, आत-बाहेरचा फरक वाढतो आणि तेवढाच कार्बन साधारण निम्म्या पाण्यात मिळतो. यांना सी-फोर म्हणतात. कमी पावसाच्या खानदेशात ज्वारी-बाजरीची भाकरी पिढ्यान्‌पिढ्या का टिकली, त्याचं एक कारण पानाच्या आत आहे.

तिसरा गट: निवडुंग, घायपात, कोरफड, अननस. ही झाडं दार रात्री उघडतात, जेव्हा हवा गार असते आणि व्हीपीडी कमी असतो. रात्री कार्बन साठवायचा आणि दिवसा दार बंद ठेवून उन्हात वापरायचा. मोबाइल डेटा महाग म्हणून रात्री वायफायवर व्हिडिओ डाउनलोड करून ठेवतो तसं.

इथे एक फॉरवर्ड मेसेज तपासून घेऊ: "पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो." प्रकाशसंश्लेषणातला ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतोच. तिसऱ्या गटातली झाडंसुद्धा रात्री कार्बन घेतात, ऑक्सिजन सोडत नाहीत. रात्री सगळी झाडं आपल्यासारखाच श्वास घेतात. तरीही खोलीतल्या कुंडीला घाबरायचं कारण नाही. शेजारी झोपलेला भाऊ तिच्यापेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो.

आता हवाच बदलतेय

औद्योगिक क्रांतीच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० पीपीएम होता. १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता. आता ४२० च्या वर आहे.

मोजणी आपल्याकडेही झाली आहे. गोव्यातल्या काबो-द-रामच्या किनाऱ्यावर १९९३ ते २००२ या काळात हवेचे नमुने बाटल्यांत भरून ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेकडे तपासायला जात. पावसाळ्यात तिथे नैर्ऋत्येकडून समुद्रावरची हवा येते, हिवाळ्यात वारा फिरून जमिनीवरची हवा येते, आणि हा बदल आकड्यांत दिसतो. पुढे पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने सिंहगडावर अशी मोजणी सुरू केली. म्हणजे पिठलं-भाकरी खायला आपण जिथे चढतो, तिथल्या हवेचे नमुने शास्त्रज्ञही घेत होते.

या बदलाचे झाडावर दोन उलटे परिणाम होतात.

पहिला, झाडाच्या बाजूचा. बाहेर कार्बन जास्त म्हणजे आत-बाहेरचा फरकही जास्त. २८० पीपीएमच्या हवेत तो ८४ च्या आसपास होता, आता १३० च्या जवळ. म्हणजे हवा तेवढीच कोरडी असेल तर एका कार्बनसाठी लागणारं पाणी तेव्हाच्या दोन-तृतीयांश. झाडाला दार थोडं कमी उघडून भागतं. इयान वुडवर्ड या शास्त्रज्ञाने १९८७ मध्ये संग्रहालयात जपून ठेवलेली जुनी वाळलेली पानं तपासली, तेव्हा दोनशे वर्षांत त्यांच्यावरच्या रंध्रांची दाटी साधारण ४० टक्के कमी झालेली दिसली. अमेरिकेत ॲरिझोनातल्या मॅरिकोपा इथे १९८९ ते १९९१ दरम्यान उघड्या शेतातल्या कपाशीवर नळ्यांमधून कार्बन डायऑक्साइड सोडून हवेतलं प्रमाण ५५० पीपीएमपर्यंत नेलं. खतपाणी नीट मिळालेली कपाशी तिथे स्पष्टपणे जास्त वाढली.

हे ऐकून काही जण म्हणतात, मग चांगलंच आहे की! थांबा.

दुसरा परिणाम, झाडाच्या विरुद्ध. तोच कार्बन डायऑक्साइड हवा तापवतो. ऑक्टोबरचं आपलं उदाहरण घ्या: ३५ अंश, व्हीपीडी ३.३७. हवेतली वाफ तेवढीच राहिली आणि तापमान फक्त ३ अंशांनी वाढून ३८ झालं, तर व्हीपीडी होतो ४.३८. म्हणजे ३ अंशांत जवळपास ३० टक्के वाढ. कार्बनने दिलेली सूट उष्णतेने बऱ्याच अंशी परत घेतली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जगभर व्हीपीडी वाढल्याचं आणि अनेक भागांत झाडांची वाढ त्यामुळे मंदावल्याचं दिसलं.

आणखी एक गोष्ट ताटाशी संबंधित आहे. २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात, पुढच्या काही दशकांत अपेक्षित असलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या पातळीवर गहू वाढवला, तेव्हा दाण्यातलं जस्त सुमारे ९ टक्के, लोह ५ टक्के आणि प्रथिनं ६ टक्के कमी भरली. पोतं तेवढंच भरेल, पण पोळीतलं सत्त्व घटेल. मका-ज्वारीसारख्या सी-फोर पिकांवर हा परिणाम बराच कमी दिसला.

मुळांनाही हवा लागते: वाफसा

इथपर्यंतची सगळी गोष्ट माझ्या स्क्रिप्टला थोडीफार माहीत होती. तिला माहीत नव्हतं ते आता सांगतो.

मुळं जिवंत असतात आणि त्यांना ऑक्सिजन लागतो. तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांमधून येतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की वाट बंद होते, कारण ऑक्सिजन हवेतून जेवढा सहज पसरतो त्याच्या साधारण दहा हजारपट हळू पाण्यातून पसरतो. ऑक्सिजन संपला की मुळांच्या पेशींमधली आम्लता वाढते आणि पाणी आत घेणारी त्यांची सूक्ष्म दारं बंद होतात. म्हणजे झाड पाण्यात उभं असतं आणि तरी पाणी पिऊ शकत नाही.

भाताला हे चालतं, कारण भाताच्या खोडात आणि मुळात हवेच्या नळ्या असतात. कपाशीला तशी सोय नाही.

आता त्या दिवशी काय झालं ते जुळवून बघा. तीन आठवडे पाऊस नाही, पण ठिबकवर कपाशी पानांनी भरलेली. रात्री मुसळधार पाऊस, आणि काळी माती पाणी धरून ठेवणारी, त्यामुळे खालच्या बाजूला पोकळ्या भरल्या. सकाळी ऊन, ३४ अंश, आर्द्रता ५५ टक्के, म्हणजे व्हीपीडी २.४. वरून हवा जोरात पाणी मागत होती आणि खालून गुदमरलेली मुळं देऊ शकत नव्हती. पानं लोंबली. स्क्रिप्टने फक्त वरची मागणी मोजली आणि म्हणाली 'पाणी द्या'. मी फोटो बघून तिला दुजोरा दिला.

तहानलेलं झाड आणि गुदमरलेलं झाड फोटोत सारखंच दिसतं. या लेखातलं एक वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आपल्या शेतकऱ्यांकडे यासाठी शब्द आधीपासून आहे: वाफसा. मातीत ओल आहे आणि हवाही आहे, अशी अवस्था. 'वाफसा आला' म्हणजे जास्तीचं पाणी निचरून गेलं, आता कोळपं घालता येईल, पेरता येईल. लहानपणापासून हा शब्द ऐकत आलो, पण तो मुळांच्या श्वासाबद्दल आहे हे मला इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन नुकसान केल्यावर कळलं.

तुम्ही स्वतः काय करून बघू शकता

१. पिशवीचा प्रयोग. सकाळी उन्हातल्या झाडाच्या पानांसकट एका फांदीवर पारदर्शक प्लास्टिक पिशवी बांधा. तासाभरात आत थेंब दिसतील. शेजारी तशीच रिकामी पिशवी बांधली तर तुलना होईल. फोनने टाइमलॅप्स घ्या. प्रयोग झाला की पिशवी लगेच काढा, नाहीतर पानं उकडतील.

२. रंध्रांचा फोटो. पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या. वाळल्यावर चिकटपट्टी लावून हलकेच सोला. त्या थरावर रंध्रांचा ठसा उमटतो. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. मनू प्रकाश यांच्या गटाने बनवलेला फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक साधारण १४० पट मोठं दाखवतो आणि फोनच्या कॅमेऱ्याला जोडता येतो.

३. व्हीपीडीची नोंद. आठवडाभर सकाळी सात आणि दुपारी तीनचं तापमान-आर्द्रता ॲपमधून घ्या आणि वरच्या पद्धतीने व्हीपीडी काढा. दुपारचा आकडा सकाळच्या कितीतरी पट असेल. पाणी शक्यतो सकाळी किंवा संध्याकाळी द्या असं का सांगतात, ते तुमच्याच वहीत दिसेल.

४. कुंडीला पाणी देण्याआधी. मरगळलेलं पान बघून लगेच पाणी ओतू नका. बोट दोन इंच मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या. चिखल लागला तर कुंडीखालचं भोक बुजलंय का ते बघा. हौसेने आणलेली बरीच झाडं पाणी कमी पडून नाही, जास्त झाल्याने मरतात.

५. शेतात असाल तर. मूठभर माती घेऊन दाबा. गोळा झाला आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर साधारण वाफसा आहे. तसाच चिकटून राहिला तर पाणी देऊ नका, आधी निचरा करा. कपाशीत आकस्मिक मर दिसली तर तास-दोन तासही मोलाचे असतात. पाणी काढून द्या आणि औषध-खताचं प्रमाण आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारूनच ठरवा, व्हिडिओ बघून नाही.

स्क्रिप्टचं पुढे काय झालं?

बंद केली नाही. व्हीपीडीचा हिशेब बरोबरच होता, फक्त अर्धा होता. आता मर्यादा ओलांडली की ती 'पाणी द्या' असं म्हणत नाही. ग्रुपवर प्रश्न येतो: "हवा कोरडी आहे. खालच्या बाजूला वाफसा आहे का?" भाऊ किंवा नाना माती बघून हो किंवा नाही टाकतात, आणि मोटर त्यानंतरच सुरू होते. मातीतल्या ओलाव्याचा सेन्सरही लावणार आहे. पण पाणी साचतं ती नेमकी जागा कुठली, हे मला नानांनाच विचारावं लागलं.